खाचा नसलेल्या टोप्या

नाना रेडिओ लावताना रेडिओकडे कधीच पाहत नसत. तोंड दाराकडे, गप्पा समोरच्याशी, आणि उजवा हात मात्र त्या काळ्या लोखंडी पेटीवर एका बटणावरून दुसऱ्यावर फिरत असायचा. खरखर थांबून दिल्लीचा आवाज आला की ते हात मांडीवर घेत. मला हा त्यांचा तोरा वाटे. एकदा तसं बोललोही. तेव्हा म्हणाले, "विमानात अंधारच असतो, मास्तर. तिथं हातानंच बगावं लागतं."

लढाईच्या काळात ते विमानतळावर बिनतारी यंत्रांची दुरुस्ती करत. लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या विमानातली ही पेटी घेऊन ते हिंगोलीला परतले, तोवर त्यांची बायको वारली होती. मूलबाळ नव्हतं. मी तेव्हा पंचविशीतला शाळामास्तर. आमचं आणि त्यांचं अंगण एक होतं. गल्ली त्यांना बिनतारी नाना म्हणायची. त्या घरात बोलणारं असं दुसरं काही नव्हतं, एवढी ती पेटीच होती. आणि ती मी मुकी केली. आज माझी पन्नाशी उलटली, तरी ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेलो नाही.

पेटीला पाच बटणं होती. प्रत्येकाभोवती बारीक आकडे कोरलेले, आणि पाचही नेमक्या आकड्यावर असल्याशिवाय आतून नुसती खरखर. प्रत्येकावर रबराची टोपी होती. जाड हातमोजे घातलेल्या हातालाही ती पकडता यावीत म्हणून. मूळ टोप्या आमच्या उन्हानं चिकट होऊन कधीच गळून गेल्या होत्या. नाना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या टोप्या करत. तुकडा गरम पाण्यात मऊ करायचा, आतून राख चोळायची, बटणावर ताणून बसवायचा आणि मग पात्यानं खाचा पाडायच्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन, अशा पाचांपर्यंत. काही महिन्यांत रबर झिजलं की पुन्हा तेच. खाचा कशाला, असं मी विचारलं होतं. "बोट घसरत न्हाई," एवढंच म्हणाले.

चहा ओतताना ते कपात बोटाचं टोक धरत. माझी बायको घरी येऊन कुरकुरायची, "काहून हो, नाना बोट बुडवून चहा देऊन राहिले! मी न्हाई पिणार." मी हसायचो. एकट्या माणसाला अशा सवयी लागतात, म्हणायचो. तेही मी पाहिलं आणि मला काही दिसलं नाही.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. दिल्लीच्या बातम्या ऐकणं धोक्याचं झालं होतं. नाना दार लोटून ऐकायचे आणि दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसायचे. मग गल्लीतले एकेक पुरुष तंबाखू मळण्याच्या निमित्तानं शेजारी टेकायचे. नाना हळू आवाजात दोन-चार वाक्यं बोलायचे, तेवढ्यावर लोक दुसरा दिवस काढायचे. एरवी त्यांच्याकडे कोण येणार? त्या वेळी मात्र ओट्यावर जागा उरत नसे. नाना मुद्दाम सगळ्यात शेवटी उठत.

उन्हाळ्यात मी बायकोला घेऊन वाशीमला सासऱ्यांकडे जायचं ठरवलं. बरेच लोक तसे हद्दीपलीकडे जात होते. नानांना चला म्हटलं तर म्हणाले, "मी गेलो तर सांजंला ओट्यावर कोण बसंल?" त्यांच्यासाठी काहीतरी करून जावं, असं मनानं घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी ते कयाधू नदीवर अंघोळीला गेले होते. मी नवी ट्यूब कापली, गरम पाणी केलं, जुन्या फाटक्या टोप्या उपटून चुलीत टाकल्या आणि पाच नव्या बसवल्या. एकसारख्या, गुळगुळीत. खाचा मला चिरा गेल्यासारख्या दिसायच्या, म्हणून पाडल्याच नाहीत. बसवताना पाचही बटणं जागची फिरली. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

नाना परतले. मी मोठ्या हौसेनं त्यांचा हात पेटीवर ठेवला. बोटं पहिल्या बटणावरून शेवटच्यापर्यंत गेली, परत पहिल्यावर आली.

"लई गुळगुळीत केलं, मास्तर. नव्यावानी."

"लावून तरी बघा!"

"बॅटरी उतरली हाय. लावतो सांजंला. तुमी निघा, ऊन चढून राहिलं."

भारताची फौज आल्यावर आम्ही परतलो. ओटा रिकामा होता. गल्लीत विचारलं तर एकजण म्हणाला, "बिनतारी नाना? त्यायनं तुमी गेले त्याच दिवशी तोंडाला कुलूप लावलं. लढाईत ऱ्हायलेला माणूस, पर भ्याला बगा. फौज आल्याचं बी आमीच जाऊन सांगितलं त्यायला."

मी तसाच त्यांच्याकडे गेलो. भर दुपार होती. पायरीवर चपला काढून मी नानांच्या पुढ्यात उभा राहिलो. हातभर अंतर. ते माझ्याच दिशेनं पाहत म्हणाले, "कोण हाय?"

चहातलं बोट, दाराकडचं तोंड, एक, दोन, तीन खाचा, सगळं एकदम कळलं. लढाईहून आल्यापासून त्यांची नजर जात चालली होती. त्या वर्षी उजेड-सावलीपलीकडे काही उरलं नव्हतं. खाच वर आली की बटण जागेवर. आकडे वाचणारं कुणी असतं तर नव्या खाचा पाडता आल्या असत्या.

"नाना, मला त्याच वेळी का नाही सांगितलं?"

"तुमी हौसंनं केलं. जाऊन बी राहिले होते."

"मग गल्लीत कुणाला तरी म्हणायचं, आकडे वाच."

"भित्र्याशी लोकं भांडतेत तरी, मास्तर. आंधळ्याला नुसतं हाताला धरून बाजूला बसवतेत." मग माझं मनगट चाचपडत धरून म्हणाले, "कुणाजवळ बोलू नका."

मी आकडे वाचले, त्यांनी खाचा पाडल्या. दिल्ली लागली. पण आता चौकात उघड वर्तमानपत्र वाचलं जात होतं. ओट्यावर कुणी आलं नाही. महिन्याभरात डोंगरकडा गावाहून त्यांचा भाचा बैलगाडी घेऊन आला.

नाना गाडीत चढले तेव्हा गल्ली जमली होती. कुणीतरी ओरडलं, "नाना, आता तर आपलंच राज्य हाय. आता कुणाला भिऊन चालले?" लोक हसले. नानाही हसले. एक शब्द बोललो असतो तर ते हसू तिथंच थांबलं असतं. मी वचनाला जागलो, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे, मग टोप्या कुणी बदलल्या, हे लोकांनी विचारलं असतं.

गाडी हलताना नानांनी हात जोडले आणि म्हणाले, "येतो, मास्तर." माझ्याकडे तोंड आहे असं समजून ते गर्दीतल्या दुसऱ्याच माणसाकडे पाहत होते. मी दोन पावलांवर उभा होतो. मी ओ दिली नाही.