याडीचं बक्षीसपत्र

नंदाबाई राठोडले घाटंजीत कोणी नावानं हाक मारत नसे. बंजारा तांड्यावरची बुढी, म्हणून सारे याडीच म्हणत, म्हणजे आई. तांड्याच्या शाळेत पंधरा वर्सं खिचडी तिनंच शिजवली. तांदळात अळी दिसली की ताट हेडमास्तरच्या टेबलावर आदळे, "आधी तू खाय!" काय तोंड होतं बुढीचं, बापा! एक विचारा, दहा सांगे. ते तोंड मी बंद केलं. मी फुलचंद, रजिस्ट्री हापिसाबाहेर टपरीत दस्त टाईप करून देतो.

तिचा नवरा भीमसिंग एसटीत कंडक्टर. पोरगी एकच, पुष्पा. दहावी पास झाली, पण घाटंजीत राह्यची सोय नाही म्हणून शाळा सुटली. सतराव्या वर्सी लगन, पहिल्याच बाळंतपणात गेली. रिटायर झाल्यावर भीमसिंगनं बाजारामागं तीन खोल्या बांधल्या अन् दोन वर्सांत तोही गेला. तवापासून याडीचं एकच टुमणं. मी मेली की हे घर तांड्यावरच्या पोरीयले द्यायचं, इथं राहून बारावी शिकतील. मरेपर्यंत मात्र मी याच घरात.

दोन वर्सांआधी, निवडणुकीच्या उन्हाळ्यात, भीमसिंगचा पुतण्या भारत तिले माह्याकडं, टपरीवर, घेऊन आला.

"मृत्युपत्र लिव," याडी म्हणाली.

"काकी, कायले मृत्युपत्र?" भारत म्हणाला. "तू मेल्यावर अर्धं घर सरकार टॅक्समधी नेईल. टीव्हीवर सारे बोंबलून राह्यले. त्यापेक्षा आत्ताच संस्थेले बक्षीसपत्र करून दे."

संस्था पुष्पाच्या नावाची, पोरीयच्या वसतिगृहासाठी, अध्यक्ष भारत. अन् असा टॅक्स आपल्या देशात नाहीच. होता, तो पंच्याऐंशी सालीच बंद झाला. मले हे पाठ आहे. पण भारत प्लॉटची दलाली करे, दर महिन्याले माह्याकडं आठ-दहा दस्त आणत होता. मी चहा पेलो अन् चूप बसलो.

"मी मरेपर्यंत घरातच राह्यीन, हे लिव," याडी म्हणाली.

भारतनं मले डोळा मारला. मी ते लिहिलं नाही. बुढीले वाचता कुठं येत होतं!

आत जायच्या आधी मी तिले दाराशी थांबवलं. "याडी, रजिस्ट्रीचे साहेब विचारतील, खुशीनं देऊन राह्यली का. 'हो' म्हणजो. दुसरं एक अक्षर बोलू नको, नाहीतर काम फिसकटते."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं माह्याकडं पाह्यलं अन् "हो" म्हटलं. अंगठा झाला, फोटो झाला. बाहेर येऊन तिनं मले वाळकी बोरं देल्ली, वरून आशीर्वाद देल्ला.

दिवाळी झाली अन् भारतनं तिचं बोचकं रस्त्यावर ठेवलं. म्हणे, वसतिगृहात बाहेरच्या माणसाले राह्यता येत नाही. वसतिगृह कायचं! समोरच्या खोलीत मोबाईलचं दुकान, मागच्या दोन्हीत त्याच्याच खताची पोती. पोरगी एकही नाही. याडी तांड्यावर परतली. जुन्या शेजारणीच्या, रुपीबाईच्या, बकऱ्यायच्या कोठ्यात एका कोपऱ्यात तिले जागा भेटली.

एका बाजाराच्या दिवशी ती टपरीवर आली.

"मेल्यावरचा टॅक्स असते का रे, फुलचंद?"

"नाही."

"तुले तवाच ठाऊक होतं?"

मी टाईप करत राह्यलो. शिव्या देईल वाटलं, मले त्याच पायजे होत्या. पण ती म्हणाली, "देताना अट घातली असली तर म्हाताऱ्यांची अशी घरं प्रांतसाहेब वापस देतात म्हणे. मी राह्यची अट सांगतली होती, एवढं फक्त तू तिथं सांग."

"सांगतो," म्हटलं. अर्जही फुकट टाईप करून देल्ला. बघा माह्या दानधर्म!

सुनावणीच्या दिवशी प्रांतसाहेबांनी मले विचारलं, "यांनी मरेपर्यंत राहण्याची अट घातली होती का?" भारत माह्यामागंच उभा होता. त्याच्या हातात नव्या लेआऊटचे कागद, चाळीस प्लॉट, चाळीस दस्त.

"साहेब, रजिस्ट्रीत मी हजर होतो," मी म्हटलं. "खुशीनं देता का विचारलं, तर या 'हो' म्हणाल्या. अट-बिट काही बोलल्या नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मले माह्या थोबाडाची लाज वाटते, पण टपरी मी आजही दहाले उघडतो.

साहेब याडीकडं वळले. "आजी, असंच झालं का?"

जिनं हेडमास्तरपुढं अळीचं ताट आदळलं, ती बाई. मले वाटलं, आता सगळ्यांसमोर फाडते मले. ती माह्याकडं पाहत राह्यली, त्या दिवशी पाह्यलं होतं तशीच.

"हो," म्हणाली. दुसरं एक अक्षर बोलली नाही.