मशीन दम घेते तेव्हा

देवानंदभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियातल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये स्वतःचाच पासवर्ड विसरून, विद्यार्थ्यांसमोर विचारमग्न चेहरा करून बसलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "जयभीम भाऊजी... गेले तुमचे भाऊ." पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून निघालो, तर त्यांनी दारात थांबवलं. "त्या मशीनचं काय करू जी? बोर्ड लावून एकदा पाहू, पाहू म्हनत होते... राहूनच गेलं." मी चप्पल शोधत असल्याचं नाटक केलं. चप्पल पायातच होती. जे राहून गेलं, ते माझ्यामुळे राहून गेलं होतं.

नव्याण्णव साली कोहमाऱ्याच्या चौकात भाऊंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीची एक लाकडी पेटी, व्हिडिओ गेमची. एक काठी, दोन बटणं, पडद्यावर वर वर जाणारं विमान. धाब्यावर ट्रक लावून ड्रायव्हर जेवणाआधी तिथे उभे राहत. भर दुपारी शटर अर्धं ओढलेलं, आत निळसर उजेड, सोल्डरच्या धुराचा वास, बाहेर हायवेची घरघर... आत शिरलं की तलावात बुडी मारल्यासारखं वाटे. व्होल्टेज पडलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. "विमान उपाशी झालं," भाऊ म्हणायचे. सकाळी पेटी सुरू केल्यावर लगेच हात लावू देत नसत. "पिक्चर ट्यूब तापू दे आधी. झोपेतून उठल्याबरोबर मानूस बोलते का कोनाशी?"

पाचव्या टप्प्यात पडदा गोळ्यांनी भरून जाई. एवढं सगळं एकदम हलवणं पेटीतल्या त्या जुन्या सर्किट बोर्डाला झेपत नसे, म्हणून खेळ आपोआप मंद होई. गोळ्या पाण्यातून आल्यासारख्या तरंगत येत... माझ्यासारखे तोवर कधीच मेलेले असत. भाऊ मात्र त्या मंदपणात काठीवरचा हात क्षणभर काढायचे, पँटला पुसायचे, पुन्हा ठेवायचे आणि विमान अलगद त्या गर्दीतून बाहेर काढायचे. "पाह्य, मशीन दम घेऊन राहिली. तिनं घेतला का आपनही घ्याचा."

काही वर्षांनी मी कॉम्प्युटरवाला झालो, म्हणजे शहाणा झालो. पावसाळ्यात ओल लागून खेळावर रेघा येत, म्हणून भाऊ दुकान बंद असलं की बोर्ड काढून, सुती कापडात गुंडाळून घरच्या तांदळाच्या पिंपात ठेवत. मला हसू यायचं. मी म्हटलं, "भाऊ, पेटीत सरळ कॉम्प्युटर बसवू. जुन्या खेळाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम मिळतो आता, एम्युलेटर म्हणतात. तांदूळ खायला मोकळे व्हा." माझं मन मोडू नये म्हणून असेल, ते हो म्हणाले. खेळ चकाचक सुरू झाला. "पाहा, कुठेच अडखळत नाही!" मी छाती फुगवून सांगितलं. भाऊ पाचव्या टप्प्यात मेले. पुन्हा खेळले, पुन्हा तिथेच मेले. मग काठी सोडून म्हणाले, "खेळ तोच हाय मास्तर. पर हे दम नाही घेत."

"वय झालं भाऊ तुमचं," असं मी म्हणालो. खरंच म्हणालो.

पुढल्या खेपेला मी चूक सुधारली, म्हणजे अख्खा खेळच मंद करून आणला. विमान बैलगाडीसारखं चालू लागलं. भाऊ पोट धरून हसले. "अबे, दम घेनं अलग, मरून पडनं अलग!"

पण माझा खरा पराक्रम वेगळाच. काढलेला बोर्ड मी क्लासच्या भिंतीवर टांगला होता, मुलांना 'सर्किट' दाखवायला, आणि टांगण्यासाठी त्याच्या कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडलं होतं. एकदा भाऊ क्लासवर आले. भोकावर बोट ठेवलं.

"काऊन रे मास्तर, भोक कायले पाडलं?"

"टांगायला, भाऊ..."

"मेलेल्या मानसाचा फोटो टांगतो आपन. तवा बी फोटोले भोक नाही पाडत."

बोर्ड काखेत मारून ते एसटीने परत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. नंतरची कितीतरी वर्षं, डोळ्याला भिंग लावून, ते माझ्या भोकाने तुटलेली विजेची एकेक वाट तारेने जोडत बसले. मी गेलो की चहा पाजत, बोर्ड मात्र दाखवत नसत.

परवा गेलो. वहिनींनी पिंपातून गाठोडं काढलं, तांदळाचे दाणे झटकले. माझ्या भोकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारांचं घरटं विणलेलं होतं. मी बोर्ड उलटासुलटा करून पाहू लागलो.

"सरळ बसवा भाऊजी. आता दुसरं भोक नोका पाडू."

पेटीतला माझा कॉम्प्युटर काढून तिथे बोर्ड बसवला आणि बटण दाबलं. अंधार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा, तापू द्या." थोड्या वेळाने काळोखातून निळा रंग हळूहळू वर आला... विमान दिसलं. मी खेळलो आणि परंपरेप्रमाणे दुसऱ्या टप्प्यात मेलो.

"सरका."

भाऊ घरोघरी टीव्ही दुरुस्तीला जात, तेव्हा दुपारी दुकान वहिनीच सांभाळत. त्या खेळतही असत, हे इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं. तिसरा टप्पा गेला, चौथा गेला. हल्लीचे एम्युलेटर हा मंदपणाही बरोबर आणतात म्हणे. आणत असतील. इथे पाचव्यात पडदा गोळ्यांनी भरला आणि सगळं मंद झालं... गोळ्या तरंगायला लागल्या.

वहिनींनी काठीवरचा हात काढला, पदराला पुसला, आणि पुन्हा ठेवला.