खुणेपुढे गेलेला काटा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून ती मला हसत असते! तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो.

ऐंशीच्या आसपास मी नागपुरात फळबागांच्या एका प्रयोगावर नोकरीला होतो. बेसा तेव्हा खेडं होतं. तिथल्या गुलाबभाऊंच्या संत्र्याच्या बागेत आम्ही ओल मोजायच्या नळ्या पुरल्या होत्या. वर तबकडी, तिच्यात काटा. माती सुकली की काटा पुढे सरकायचा. झाडाला लागेल तेवढंच पाणी द्यावं, विहीर आटू नये, यासाठी हा खटाटोप. पण मला काय नाद लागला हो त्या काट्याचा! जमिनीच्या आतलं दिसतं म्हणजे काय?

संत्र्याला बहार यावा म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, मग पाणी दिलं की फुलं फुटतात. पण ताण किती द्यायचा? गुलाबभाऊ पहाटे पानं पाहायचे. दुपारची मलूल पानं सकाळीही तशीच दिसली, की पाणी. मी तबकडीवर खूण केली होती, ती मलाच वाचता यायची. काटा तिथं आला, की पाणी.

त्या मे महिन्यात काटा खुणेवर आला. मी ते गुलाबभाऊंना सांगितलं नाही. आणखी पुढे गेला तर? फुलं जास्त येतील? झाड कुठवर सोसतं — बघावं तरी! तिसऱ्या दिवशी काटा खुणेच्या बराच पुढे होता. गुलाबभाऊ म्हणाले, "साहेब, सकाळीबी पानं उठून नाही राहिली. पाणी सोडू काय?"

"काटा अजून खुणेवर आला नाही," मी म्हणालो. "चार दिवस थांबा."

ते थांबले. यंत्र चुकत नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं ना.

अकरा झाडं वाळली. त्यांनी स्वतः कलमं आणून वाढवलेली. मी वहीत खोटे आकडे भरले आणि मुळांना रोग लागला म्हणून सांगितलं. झाडं खोदून काढली तेव्हा ते डोक्याला हात लावून बांधावर बसले होते. आणि मी? मुळं किती खोलवर सुकली, ते वाकून पाहत होतो. लाज वाटते, पण मला तेव्हाही तेच पाहायचं होतं.

फेब्रुवारीत ते शहरात, सदरला आमच्या ऑफिसात आले, उरलेल्या झाडांच्या संत्र्यांची टोपली घेऊन. म्हणाले, "माह्याच मातीत रोग होता साहेब. तुमचा प्रयोग बिघडला. माफ करा मले."

मी त्यांना माफ केलं. "असू द्या, गुलाबभाऊ," म्हणालो, आणि टोपली ठेवून घेतली.