वाचणाऱ्यांची रांग

सासूबाईंच्या आजारपणात आत्या आठ वर्षं घरी होती. त्या गेल्यावर तिनं पुन्हा नोकरी धरली, तीही जुन्याच कामाची. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो अगदी आतला गाभा असतो, कर्नल, त्यातलं काम. घरात हे सांगितल्यावर माझे बाबा म्हणाले, "कर्नल? मेजर मिळाले नाहीत वाटतं!"

"दादा, हा विनोद तू माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी केला होतास. निदान नवा तरी आण."

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. तेवढ्यात काही करून दाखवलं तर कायम, नाहीतर रामराम. मॅनेजर आत्याहून बरीच लहान. तिला 'ताई' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. आत्याला त्या 'तुम्ही'चा भारी राग. म्हणायची, "खुर्ची पुढे करताना वापरतात तसलं 'तुम्ही' आहे ते."

तिच्याकडे आलेलं दुखणं चमत्कारिक होतं. ग्राहकानं सर्व्हरला आठाऐवजी बत्तीस कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे मेंदू, घेतले आणि सर्व्हर वेगानं चालायचा सोडून रेंगाळायला लागला. आतोबा मागच्या खोलीत कवळ्या बनवतात. त्यांना हे काही केल्या पटेना.

"माणसं चौपट आणि काम कमी? हे सरकारी खातं आहे का?"

"अहो, ऐका तर. समजा, एका खोलीत फळा आहे. वाचायला कितीही जण एकदम जाऊ देत, कुणाचं काही बिघडत नाही. पण फळ्यावर लिहायचं असेल तर खोली रिकामी पाहिजे."

"बरोबर. नाहीतर मी अर्धं वाचतोय तोवर तू पुसून टाकशील."

"म्हणून दाराशी एक आकडा. आत जाणाऱ्यानं तो एकनं वाढवायचा, बाहेर येणाऱ्यानं एकनं कमी करायचा. शून्य झाला की लिहिणारा आत. याला लॉक म्हणतात."

"मग अडलंय कुठं?"

"आकडा एकच आहे ना! वाचायला लागतो क्षणभर, पण आकडा बदलायला रांग. सगळे वाचणारेच, कुणाचं कुणाशी वैर नाही, तरी दाराशी चेंगराचेंगरी."

आतोबा दात घासत म्हणाले (कवळीचे), "मग प्रत्येकाला वेगळा आकडा दे."

"तेच करतेय."

"बघ! तुझ्या मॅडमला सांग, निम्मा पगार इकडे पाठवा."

आत्यानं तसंच केलं. प्रत्येक कोअरला स्वतःचा आकडा दिला. चाचणी लावली. सर्व्हर होता तिथंच! पुन्हा लावली, तर आधीपेक्षा किंचित हळूच. तिनं सगळं वरून खाली वाचून काढलं, पण चूक काही सापडेना.

"ताई," मॅनेजर जाता जाता म्हणाली, "शुक्रवारी आढावा आहे. तुमचं काहीतरी... असेल ना?"

त्या 'काहीतरी'नं आत्याचं जेवण गेलं.

विचारावं असा एकच माणूस होता. मूळ लॉक ज्यांनी लिहिलं ते. निवृत्तीला आलेले, एसीच्या झोताखाली दोन स्वेटर घालून बसायचे. सगळे त्यांना कुलूपवाले म्हणत. पण आत्या त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. "विचारायला गेले की झालंच. बाई आठ वर्षांत सगळं विसरून आली, हे सगळ्या मजल्याला कळणार." शेवटी बुधवारी नाइलाजानं गेली.

"या बाई. माझ्या लॉकच्या जिवावर कोणीतरी उठलंय, हे कळलं होतं मला."

"उठलेय खरी. पण ते मरत नाहीये."

म्हातारबाबा खुदकन हसले. "काढा चित्र."

आत्यानं बोर्डावर एकाला एक चिकटून चौकोन काढले. प्रत्येक कोअरचा एक चौकोन, त्यात त्याचा आकडा.

"एकेक केवढा?"

"आठ बाइट."

"आणि कोअर मेमरीतून एका वेळी केवढा तुकडा उचलतो?"

"चौसष्ट..." आत्याचा मार्करचा हात हवेतच राहिला. "अगं आई गं!"

"आठ कप, पण ट्रे एकच," कुलूपवाले म्हणाले. "कप ज्याचा त्याचा. पण एकानं आपला उचलायचा म्हटला की अख्खा ट्रे त्याच्याकडे. बाकीचे सात बसले हात चोळत."

"शाळेतल्या पोरानं करावी अशी चूक केली मी."

"छे! ही शिकल्यासवरल्यांचीच चूक. मीही केली होती. माझी तर तशीच ग्राहकाकडे गेली. मग शिव्या आल्या. लेखी होत्या, म्हणून सभ्य होत्या."

आत्यानं प्रत्येक आकड्याला स्वतंत्र ट्रे दिला, म्हणजे मध्ये मोकळी जागा सोडली. दुपारी चाचणी लावली, तर कोअर वाढेल तसं वाचन वाढत गेलं. ती जवळजवळ पळतच सांगायला गेली.

"छान," ते म्हणाले. "आणि लिहिणारा?"

लिहिणाऱ्याचं तिनं मोजलंच नव्हतं. आधी त्याला एक आकडा बघावा लागायचा. आता बत्तीस दारं हिंडायची, नवे वाचणारे थोपवायचे आणि सगळीकडे शून्य होईपर्यंत ताटकळायचं. तिनं मोजलं. लिहिणारा चाळीसपट रखडत होता.

गुरुवारी संध्याकाळी ती मागच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसली.

"हे लिहिणाऱ्याचं उद्या कोणी विचारेल?" आतोबांनी विचारलं.

"कुलूपवाल्यांनी विचारलं असतं. पण उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"म्हणजे कोणी नाही."

"कोणी नाही."

आतोबांनी कवळी उजेडात धरली. "माझी कवळी टोचली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. तुझं कधी येईल?"

"मी कायम झाल्यावर."

आत्या उठली आणि लॅपटॉप घेऊन बसली. ते लॉक कर्नलमध्ये कुठं कुठं वापरलंय, तिथं वाचणारे किती, लिहिणारे किती, ते एकेक काढत गेली.

शुक्रवारी तिनं दोन्ही आकडे पडद्यावर लावले, वाढलेलं वाचन आणि रखडलेलं लेखन. म्हणाली, "हे सगळीकडे लावू नये. एकाच ठिकाणी लावावं. कुठली डिस्क कुठं जोडलीय, तो तक्ता. फाइल उघडली की तो वाचावा लागतो, आणि लिहायचं कधी, तर नवी डिस्क जोडली तर."

मॅनेजरचा चेहरा पडला. "एकाच ठिकाणी? पण ताई, मी वर 'सगळीकडे' असं सांगून बसलेय."

"मग तुम्हाला पुन्हा वर जावं लागेल."

कोणीतरी खोकलं. आत्या घरी येऊन म्हणाली, "गेली नोकरी. तोंडही चाललं माझं."

पण बदल ग्राहकाकडे त्या एकाच ठिकाणी लावून बघितला गेला, आणि सर्व्हर सुसाट सुटला. खरी गर्दी त्याच दाराशी होती. आठवडाभरानं मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, तुम्ही ते दुसरे आकडे दाखवले नसते, तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मी खरंच सगळीकडे लावलं असतं."

"माहीत आहे. म्हणून तर दाखवले."

मॅनेजरनं पेनाला टोपण लावलं. "वर बोलणी खाल्ली मी. कायम करतेय तुम्हाला. उरलेल्या ठिकाणांचंही तुम्हीच बघायचं."

जिथं लिहिणारे जास्त, तिथं अजूनही रांग आहे. सध्या आत्या त्याच्या मागे आहे. परवा जेवताना बाबांनी विचारलं, "काय, सुचलं का काही?"

"सुचलंय," आत्या म्हणाली. "पण अजून मोजलं नाही."