हेळवी आणि आमचा बसू

भिलाईला निघालो त्या दिवशी कोल्हापूरच्या स्टेशनवर आम्हाला पोचवायला आप्पा, माझे वडील, एकटेच आले होते. आई मी लहान असतानाच गेली होती. माझ्या शेजारी सुमन, आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. गाडी हलली तसे आप्पा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पोरंबाळं झाली की नाव लगीच कळीव. हेळव्याला सांगाय लागतंय." आम्ही परमुलखात पोलादाच्या कारखान्यात चाललेलो आणि यांना काळजी हेळव्याची. सुमनला हसू आवरेना.

पेठेतल्या तुम्हा मंडळींना हेळवी सांगायला नको. तुमच्या नातवंडांसाठी लिहितो. घराण्याची वंशावळ त्याला तोंडपाठ. सुगी झाली की सजवलेला बैल घेऊन तो सीमेकडून शिवाजी पेठेत यायचा आणि दारात उभा राहून मूळ पुरुषापासून एकेक नाव खड्या आवाजात घ्यायचा. कोण कुणाचा मुलगा, कुणाची माती कुठं झाली. शेवटी घरातलं सगळ्यात धाकटं पोर. मग आप्पा त्याच्या झोळीत जोंधळे घालायचे.

भिलाईच्या क्वार्टरमध्ये आमचा बसवंत झाला. आप्पांच्या वडिलांचंच नाव. आम्ही बसू म्हणायचो, तो मला पापा म्हणायचा. एकदा शाळेतून विचारत आला, "पापा, हम लोग कहाँ के हैं?" कोल्हापूरचे, म्हटलं. "और उसके पहले?" सुट्टीत शोधून काढू, म्हटलं.

त्या सुट्टीत कोल्हापूरला आल्यावर मी हात धुऊन मागे लागलो. मलकापूरकडे आमची जमीन होती असं ऐकून होतो. तिथल्या तलाठ्याकडच्या जुन्या उताऱ्यांवर आजोबांच्या वर नाव नव्हतं. मोडी वाचणाऱ्या एका मास्तरांनी जुन्या कागदांतून पणजोबा काढून दिले आणि तिथं वाट संपली. म्हणून बसूला घेऊन हेळव्यालाच सीमेकडच्या त्याच्या गावी जाऊन गाठलं. तो सांगत गेला, मी मोठ्या कागदावर उतरवत गेलो. सगळ्यात खाली बसूनं आपलं नाव स्वतः लिहिलं, हिंदी वळणाच्या अक्षरात.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता बसूला मेंदूज्वर झाला. आठवडाही काढला नाही त्यानं. तार मिळून आप्पा भिलाईला पोचले तोवर माती झाली होती. बसूला पुरलं होतं त्या ढिगाऱ्यापाशी ते जाऊन बसले आणि काही केल्या उठेनात.

पुढच्या सुगीला आम्ही कोल्हापूरला होतो. हेळवी आला. नावं घेत घेत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "त्याच्या पोटी बसवंत. भिलाईला शिकतोय. शंभर वर्सं जगू दे!" सुमन उठून आत गेली. आप्पांनी नेहमीसारखे झोळीत जोंधळे घातले.

तो गेल्यावर मी विचारलं, "त्याला सांगितलं नाही?"

"न्हाय."

"का?"

"एकदा का वेल हितं खुटला म्हणाला, की दरसाली त्येच म्हणणार. मला न्हाय ऐकवायचं बाबा."

त्यानंतर आप्पा असेपर्यंत बसू दर सुगीला भिलाईला शिकत राहिला. आप्पा गेले त्या वर्षी हेळवी आला तेव्हा उंबऱ्यावर मी उभा होतो. घरातला कर्ता आता मीच. म्हणालो, "आमचा बसू गेला. बरीच वर्षं झाली."

त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "ठावं हाय मला. पेठेत काय लपून ऱ्हातंय व्हय? आप्पांनी सांगितलं न्हाई, म्हणून म्या म्हटलं न्हाई." मग म्हणाला, "लेकराची माती कुठं झाली?"

"भिलाईला."

मग त्यानं मूळ पुरुषापासून पुन्हा सुरुवात केली. एकाची माती सीमेपलीकडं, दुसऱ्याची मलकापूरला, आजोबांची नि आप्पांची कोल्हापुरात. "त्याच्या पोटी बसवंत. लहान वयात गेला. माती भिलाईला." सुमन दारात उभी होती. भिलाईत आम्ही रडलो ते दार लावून. पेठेत ती मोठ्यानं रडली आणि आजूबाजूच्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. सगळ्याजणी तिला धरून बसल्या.

तुम्ही पत्रात लिहिता, आप्पांचं घर बंद पडलंय, आता परत या. दिवाळीत मी सुमनपाशी विषय काढला. ती कणीक मळत होती. म्हणाली, "तुम्ही जा. बसूला एकट्याला इथं टाकून मी येणार नाही."

घराची किल्ली शेजारीच राहू दे. भाडेकरू मिळाला तर ठेवा. आम्ही आता भिलाईचे.