शेवटचा तास राज्यशास्त्राचा

आधी दिवस, मग जबाबदार व्यक्ती. चौकशीचे कागद मी आयुष्यभर याच क्रमाने मांडले आहेत.

बारावीचे वर्ग सुरू झाले तो सोमवार: कल्याणच्या मुलींच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेचे नवे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले. जबाबदार, ते तयार करणारे पर्यवेक्षक. त्याच आठवड्यातला शुक्रवार: राज्यशास्त्र हा ऐच्छिक विषय कोणाला हवा आहे, हे भरवर्गात हात वर करायला सांगून विचारण्यात आले. जबाबदार, पुन्हा पर्यवेक्षक. पुढचा सोमवार: विषय बंद झाल्याचे तोंडी सांगून मुलींना सहकार या विषयाच्या वर्गात बसवण्यात आले. जबाबदार, प्राचार्या, त्यांच्या संमतीवाचून हे घडू शकत नाही.

माझी नात त्या वर्गात आहे. ती आईवडिलांकडे शहाडला राहते, मी आणि माझी पत्नी डोंबिवलीत. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. अकरावीत तिने राज्यशास्त्र घेतले आणि वर्षभर दर रविवारी माझ्याशी वाद घातला. राज्यपालांना विधेयक कुठवर अडवून धरता येते, पक्षांतर केलेल्या सदस्याचा निकाल अध्यक्षांनीच का द्यावा, असे तिचे प्रश्न असत. तिला पुढे कायदा शिकायचा आहे. बारावीचे परीक्षा अर्ज भरले गेले की विषय बदलता येणार नाही आणि जो विषय तिने वर्षभर मनापासून वाचला तो तिच्या गुणपत्रिकेवर नसेल. प्रश्न एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कामगार विभागात माझी नोकरी झाली. अंतर्गत चौकशा चालवणे हे माझे काम. त्यामुळे मी महाविद्यालयात गेलो तो लेखी निवेदन घेऊनच. पर्यवेक्षकांनी ते वाचले नाही, पेपरवेटखाली ठेवले.

"बसा आजोबा. चहा सांगू?"

"चहा नको. विषय बंद केल्याचा लेखी आदेश दाखवा."

"लेखी कशाला हो? मुलींनाच विचारलं आम्ही. एक हात वर आला नाही. अगदी लोकशाही पद्धतीने केलंय."

"माझ्या नातीचाही नाही?"

"ते तुम्ही घरी विचारा," ते म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितलाच.

रविवारी मी विचारले. ती आमटीभात कालवत होती.

"त्या दिवशी तू हात वर केला होतास?"

"नाही."

"विषय हवा आहे ना?"

"हवाय ना."

"मग?"

"आजोबा, उलटतपासणी नको हं. जेवतेय मी."

मी थांबलो. भात संपवून तिने आपणहून सांगितले. नव्या वेळापत्रकात राज्यशास्त्राचा तास सगळ्यात शेवटी, इतर सारे वर्ग सुटल्यावर आहे. बाईंना दुसरी वेळ जमत नाही, असे मुलींना सांगितले गेले. शहाडकडच्या चौघी मुली एका ठरलेल्या रिक्षेने एकत्र घरी जातात. एकीने मागे राहायचे म्हणजे एकटीने यायचे, आणि ते कोणाच्याच आईला चालत नाही. इतर भागांतल्या मुलींचेही असेच गट आहेत. त्यामुळे विषय एकेकीने निवडायचा नसतो, रिक्षेने निवडायचा असतो.

"सर समोर उभे होते," ती म्हणाली. "आम्ही एकमेकींकडे बघितलं. अजून एकीला तरी पाहिजे होता, मला माहितीये. पण तिने हात वर केला असता तर बाकीच्या दोघींचं काय? मग मीपण नाही केला."

"तू करायला हवा होतास."

"तुम्ही केला असता?"

"निश्चित."

"म्हणूनच सोसायटीच्या मीटिंगला तुम्हाला कोणी बोलवत नाही."

"बरोबर बोलतेय ती," स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली.

माझे निवेदन विषय बंद करण्याच्या अधिकारावर उभे होते. माझीच साक्षीदार माझ्या तक्रारीविरुद्ध गेली होती, हे मला मान्य करावे लागले. परंतु हा प्रकार माझ्या परिचयाचा होता. कारखान्यात साहेब यंत्रापाशी उभे राहून विचारत, "पाळी बदलायला कोणाची हरकत?" तेव्हा एकही हात वर येत नसे. तोच प्रश्न युनियनने चिठ्ठ्या टाकून विचारला की डबा हरकतींनी भरे. वरिष्ठाच्या नजरेखाली घेतलेल्या संमतीला मी कधी संमती मानले नाही. सतरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत मानण्याचे कारण नाही.

दुसऱ्या खेपेस मी एकच मागणी केली: तास सकाळी आणा आणि मग पुन्हा विचारा.

"आजोबा, एक तास हलवला की अख्खं टाइमटेबल हलतं," पर्यवेक्षक म्हणाले. "त्यात राज्यशास्त्राच्या मॅडम तासिका तत्त्वावर. ठाण्याहून येतात. त्यांना तीच वेळ जमते."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दरवर्षी बाहेरच्या शिक्षकांचे तास शेवटीच लागतात."

मी नातीकरवी त्या शिक्षिकांची परवानगी घेतली आणि त्यांना फोन केला. त्या अत्यंत सौजन्याने बोलल्या. सकाळची वेळ त्यांना अधिक सोयीची होती. संध्याकाळी शीळफाट्याच्या कोंडीत त्यांची बस अडकते. वेळेबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते.

"मला कळवलं की मुलींनाच विषय नकोय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझं शिकवणं आवडलं नसेल."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ काही लिहिले नाही. रागात लिहिलेला कागद समोरच्याच्या उपयोगी पडतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. मुलींना सांगायचे की बाईंना दुसरी वेळ नाही, बाईंना सांगायचे की मुलींना विषय नको, आणि मला सांगायचे की ही लोकशाही. तिघांपैकी कोणीही एकमेकांना विचारू नये, इतकीच व्यवस्था पुरेशी होती. यामागे कट होता असे मी म्हणत नाही. ही सवय होती, आणि सवयीला आदेश लागत नाही, म्हणून तो मला कोणी दाखवू शकले नाही.

हे सारे मी नातीला सांगितले, चिठ्ठ्यांवर मत घेण्याचा विचारही. ती म्हणाली, "चिठ्ठी असेल तर मी लिहीन. रिक्षा गेली तरी लिहीन."

येत्या शनिवारी पालकसभा आहे. परीक्षेचे अर्ज त्यानंतर भरले जाणार आहेत. प्राचार्यांनी त्या सभेत, सर्व पालकांसमोर आणि त्या शिक्षिकांना बोलावून, उत्तर द्यावे. बाहेरच्या शिक्षकांचा तास शेवटी लावण्याचा नियम कोणी केला? शिक्षिकेला वेळ आणि मुलींना कारण का विचारले गेले नाही? आणि तास सकाळी आणून, पर्यवेक्षक वर्गाबाहेर असताना, चिठ्ठ्यांवर पुन्हा मत घेणार की नाही? मी पहिल्या रांगेत बसणार आहे. कार्यालयात बोलावून, चहासोबत दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.