हलणारं छत

पक्के मिस्त्रींचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. तीस वर्षं त्यांनी छतं बसवली आणि प्रत्येक छताला शेवटी दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहिला. छत तसूभरही हललं नाही की स्वतःच स्वतःला शाबासकी द्यायचे, "पक्कं!"

या खेपेचं काम मात्र घरचं होतं. लेकीचा नाचाचा वर्ग पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर खाली दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. वर वीस पोरी एकदम पाय आपटायच्या नि खाली आ वासून बसलेला पेशंट खुर्चीतून उडायचा. हातात सुई धरून बाईंनी तरी किती दिवस सोसायचं? इमारतीच्या मालकाने सांगून टाकलं, रविवारपर्यंत आवाज थांबला नाही तर वर्ग बंद.

मिस्त्रींनी दवाखान्यात जुन्या छताखाली दुसरं छत टांगलं. वरची थाप रबरातच जिरावी म्हणून रबर लावलेल्या हुकांना लटकवलेलं, आत लोकरीचा जाड थर. शनिवारी पोरींना नाचवून पाहिलं, तर प्रत्येक थाप खणखणीत खाली आली. लेक रडकुंडीला आली.

"बाबा, असं कसं झालं हो?"

"रबरच भिकार दिलंय दुकानदारानं," मिस्त्री गुरकावले.

साफ खोटं! शुक्रवारी काम संपल्यावर त्यांनी सवयीने हिसका दिला होता आणि छत चक्क हललं होतं. हलणारं छत मागे ठेवून घरी जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून त्यांनी गुपचूप आठ लांब स्क्रू थेट वरच्या स्लॅबमध्ये मारले. रबर राहिलं बाजूला, आवाज त्या स्क्रूंवरून सरळ खाली उतरला.

रविवारी सकाळी ते लेकीपुढे जाऊन उभे राहिले.

"रबर चांगलं आहे. चुकलो मी." आणि सगळं सांगून टाकलं.

लेक फिसकन हसली. मग शिडी धरायला आली. आठही स्क्रू निघाले. छत पुन्हा हलायला लागलं तसे मिस्त्रींनी हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले.

लेक वर गेली. डॉक्टरीणबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या. शेजारी मिस्त्री, छताकडे कान लावून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाई वैतागल्या.

"अहो, सांगा ना मुलींना नाचायला! मला घरी जायचंय."

तेवढ्यात लेक दारात आली, घामाने निथळत, धापा टाकत.

"बाबा, दोनदा नाचून झालं. आता पोरींना सोडू का?"